स्मार्ट वस्तू अकरा, ॲप सात : सगळं एका छताखाली आणावं का?

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा सल्ला हवाय. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये रंग बदलणारा एक बल्ब घेतला, गंमत म्हणून. मग दुसऱ्या कंपनीचा घेतला, कारण तो ऐंशी रुपयांनी स्वस्त होता. आज घरात बल्ब चार (दोन कंपन्यांचे), कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे तीन, गिझरला सोळा अँपिअरचा स्मार्ट प्लग, एसीच्या रिमोटची नक्कल करणारी एक डबी, दारावर कॅमेरा आणि खालच्या टाकीतून वर पाणी चढवणाऱ्या मोटरला वायफाय स्विच. प्रत्येकाचं ॲप वेगळं, म्हणजे फोनमध्ये सात. पासवर्डही सात, त्यातले दोन बायकोच्या नावावर आणि एक बंद पडलेल्या नंबरावर.

आई बहात्तर वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिच्या फोनवरही सगळी ॲप टाकून दिली. परिणाम असा, की भर मीटिंगमध्ये फोन येतो, "अरे, आता कुठलं दाबू? हिरवं घर की निळं घर?" दोन ॲपची चिन्हं घराचीच आहेत.

गेल्या गुरुवारी मात्र हद्द झाली. गल्लीत खोदकाम चालू होतं, फायबर तुटली, नेट गेलं. आईच्या खोलीतला बल्ब दुपारी ॲपवरून बंद केलेला. बल्ब "स्मार्ट" राहायचा तर भिंतीवरचं बटण कायम चालू लागतं, म्हणून त्या बटणावर मी चिकटपट्टी मारून ठेवली होती. मी घरी पोचलो तेव्हा आई पाऊण तास अंधारात बसलेली. म्हणाली, "तू लावलेली पट्टी, काढली आणि काही बिघडलं तर?"

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. (अ) आहे तसंच चालू द्यावं? (आ) सगळं गुगल होम नाहीतर अलेक्सामध्ये जोडावं? (इ) ते होम असिस्टंट की काय म्हणतात ते बसवावं? (ई) सगळं विकून एकाच कंपनीचं घ्यावं? पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. मी मेकॅनिकलवाला, प्रोग्रॅमिंगचा गंध नाही.

चहाटळ | रविवार, रात्री ९:५२

सातच? माझ्याकडे नऊ आहेत. दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या. (आणि घेतलेत तर ॲप न लागणारे घ्या.)

फेजटेस्टर | रविवार, रात्री १०:१५

साहेब, मी सातारकडचा, बावीस वर्षं वायरिंग करतोय. ॲपचं तुम्ही शिकलेले लोक बघा, मी भिंतीचं सांगतो.

पहिलं म्हणजे ती पट्टी आजच काढा. बल्ब स्मार्ट घेतला की बटण मुकं होतं. त्यापेक्षा साधा एलईडी ठेवा आणि बटणाच्या मागं बोर्डात छोटं मॉड्यूल बसवा, काडेपेटीएवढं येतं. मग बटण दाबलं तरी चालतं, फोनवरून केलं तरी चालतं, आणि नेट गेलं तरी बटण ते बटणच राहतं. फक्त बोर्डात न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, लागतो. आपल्याकडं एक बरं असतं, बहुतेक बोर्डात पाच अँपिअरचा सॉकेट असतोच, म्हणजे न्यूट्रल आलेला असतो. पलंगाजवळच्या टू-वे बटणात आणि नुसत्या बटणांच्या बोर्डात मात्र नसतो, तिथं ओढून घ्यावा लागतो. जुना सनमायकाचा लाकडी बोर्ड असेल तर आत जागा भरपूर. नवीन मॉड्युलर पेटी उथळ असते, तिथं मॉड्यूल कोंबलं तर वायरी दबतात.

दुसरं, मोटर. कितीची आहे? एक एचपी असेल तर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. दहा अँपिअर लिहिलेला वायफाय स्विच त्यात आज ना उद्या आतून चिकटणार. चिकटला की ॲप म्हणतंय बंद आणि मोटर चालूच. मी अशा दोन मोटरी रिवाइंडिंगला नेऊन दिल्यात. मोटरला कॉन्टॅक्टर पाहिजे, म्हणजे जड करंट पेलणारा स्विच, जो थोड्या करंटच्या कॉइलवर चालतो. वायफायनं कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा, मोटर नाही. आणि खालची टाकी रिकामी झाल्यावर मोटर बंद पडणं हे फ्लोटचं, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या स्विचचं, काम, ते मोबाइलवर सोडू नका.

गिझरचा प्लग सोळाचा आहे म्हणालात, चांगलं केलंत. तीन हजार वॅटचा गिझर तेरा अँपिअर खातो, लोक त्याला सहाचा लावतात आणि मग वास येतो.

पर्वतीपायथा | रविवार, रात्री १०:३१

मोटर एक एचपीच आहे आणि स्विच दहाचाच आहे. उद्या सकाळी काढतो. दादा, दंडवत.

ओसरी | सोमवार, सकाळी ७:२०

फेजटेस्टरदादांना +१०१. माझा सगळा प्रतिसाद त्यांच्या पहिल्या मुद्द्यावरच उभा आहे.

तुमच्या पर्याय (आ) मध्ये एक फसगत आहे, ती आधी सांगतो. सात ॲप अलेक्सात किंवा गुगल होममध्ये जोडली की एकच ॲप झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात कमी काहीच होत नाही, वर एक आठवं येतं. "आईच्या खोलीतला दिवा लाव" म्हटलं की तुमचा आवाज ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जातो, तिथून निरोप बल्बच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि तिथून परत पर्वतीला. चार पावलांवरच्या दिव्यासाठी. या साखळीतली कुठलीही कडी निसटली की अंधार. २० ऑक्टोबर २०२५ आठवा, नरकचतुर्दशी होती. ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरांमध्ये गडबड झाली आणि अलेक्सा, रिंगचे कॅमेरे असं बरंच काही तासन् तास थंडावलं. घरोघरचं वायफाय मात्र ठणठणीत होतं.

होम असिस्टंट याच्या उलट आहे. पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ साली सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर, २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या संस्थेकडे आहे. ते तुमच्याच घरातल्या छोट्या संगणकावर, आपण त्याला डबा म्हणू, चालतं. ज्या वस्तू स्थानिक नेटवर्कवर बोलतात त्यांच्याशी ते थेट बोलतं, बाहेर जातच नाही. फायबर तुटली तरी दिवे चालू-बंद होतात. डबा पाच वॅट खातो असं धरलं तरी महिन्याला साडेतीन युनिट.

वायफायच्या जोडीला झिगबीचा, म्हणजे घरातल्या वस्तूंसाठीच्या कमी वीज खाणाऱ्या बिनतारी जोडणीचा, विचार करा. सेलवर चालणारे सेन्सर आणि बटणं त्यात वर्ष-वर्ष टिकतात, आणि विजेवर चालणारं जवळजवळ प्रत्येक मॉड्यूल पुढच्याचा निरोप पुढे पोचवतं. अट एकच, त्या मॉड्यूलची वीज कुणी बंद करता कामा नये. झिगबीचा यूएसबी डोंगल संगणकाला थेट खोचू नका, हातभर एक्स्टेंशन केबल लावा. यूएसबी ३ च्या खळबळीत त्याला काही ऐकू येत नाही. मी यात दोन शनिवार घालवले आहेत.

आणि आजच्या आज करता येण्यासारखं : आपल्या बाजारातले बरेचसे स्वस्त बल्ब आणि प्लग, खोक्यावर नाव कुणाचंही असो, आतून तुया या चिनी कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर चालतात. ते "स्मार्ट लाइफ" या एकाच ॲपमध्ये जोडून बघा. बरेचदा दोन-तीन ॲप तिथेच गळतात, खर्च शून्य.

तूपसाखर | सोमवार, सकाळी ११:०५

ओसरी, तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं असेल. आता दुसरी बाजू ऐका. मी अशाच एका डबेवाल्याची बायको आहे.

आमच्या ह्यांनी घरच्याघरी असाच डबा जुळवला. दीड वर्ष कौतुक चाललं. संध्याकाळी सात वाजता देवघरातला दिवा आपोआप, पहाटे गिझर आपोआप, पडदेसुद्धा आपोआप. मग हे तीन आठवड्यांसाठी चेन्नईला गेले. चौथ्या दिवशी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. पाचव्या मिनिटाला डब्यातलं मेमरी कार्ड मेलं. घरात मी, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. पडदे उघडेनात, कारण दोरीच काढून टाकलेली. गिझरचं बटण ह्यांनी कपाटामागे नेलेलं. रात्री साडेअकराला हे तिकडून सांगतायत, "अगं सोपं आहे, काळ्या खिडकीत एवढी एक ओळ टाइप कर." मी बारा दिवस बंबात पाणी तापवलं. बंब तांब्याचा, सासूबाईंच्या माहेरचा. त्याला अपडेट लागत नाही.

सात ॲपचा हा गुण कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. सातातलं एक बिघडलं तर सहा चालतात. एसीचं ॲप रुसलं म्हणून गिझर रुसत नाही. एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगले आणि खुंटी निघाली की काय होतं, ते मी पाहिलंय.

आणि मला तुम्हा सगळ्या मंडळींना विचारायचंय, की तुमच्याशिवाय घरात दुसऱ्या कुणाला हे दुरुस्त करता येतं?

चहाटळ | सोमवार, सकाळी ११:११

"त्याला अपडेट लागत नाही" :D वाचनखूण साठवली आहे.

ओसरी | सोमवार, दुपारी १:४०

ताई, मान्य. शंभर टक्के मान्य. मेमरी कार्ड हा या प्रकारातला सगळ्यात जुना रोग आहे. डबा सतत काहीतरी लिहीत असतो, त्यात वीज खेळ करते, कार्ड जातं. त्यावर उपाय आहे : कार्डाऐवजी एसएसडी, डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर, आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी. पण पडद्याची दोरी काढणं हा सॉफ्टवेअरचा दोष नाही हो.

एक मात्र म्हणतो. वेगळी ॲप म्हणजे सात खुंट्या हे बरोबर, पण त्या खुंट्या आपल्या भिंतीत नसतात. रिव्हॉल्व्ह नावाचा, वेगवेगळ्या स्मार्ट वस्तू जोडणारा हब गुगलच्या नेस्ट कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद केली. लोकांच्या घरात पैसे मोजून घेतलेला निर्जीव डबा उरला. अमेरिकेतल्या लोज या दुकानसाखळीने आपली आयरिस ही स्मार्ट घराची सेवा २०१९ मध्ये गुंडाळली. विंक या तशाच कंपनीने २०२० मध्ये, आधी फुकट असलेल्या सेवेला महिना वर्गणी लावली. इन्स्टिऑन या आणखी एका कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये न सांगता बंद झाले. यातल्या एकाही घरात काही जळलं नव्हतं की तुटलं नव्हतं.

तूपसाखर | सोमवार, दुपारी २:०२

आणि तुमच्या डब्याचं काय? चेंबरलेन या अमेरिकन कंपनीच्या गॅरेजच्या दारांचं आमच्या ह्यांनीच मला सांगितलंय. २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या सॉफ्टवेअरला आपल्या सर्व्हरचं दार लावून घेतलं आणि होम असिस्टंटला तो जोडच काढून टाकावा लागला. म्हणजे कंपनीच्या मर्जीतून तुम्हीही सुटलेले नाही. वर मधे एक डबा वाढला.

ओसरी | सोमवार, दुपारी २:१०

तुमच्या ह्यांना आता काही सांगू नका म्हणावं. :) मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच मी "स्थानिक नेटवर्कवर बोलणाऱ्या वस्तू" असं लिहिलं होतं. कंपनीच्या सर्व्हरवरूनच चालणारी वस्तू डब्यात आणली तरी ती परक्याचीच राहते. अशा वस्तू मी डब्यात आणतो, पण घरातलं कुठलंही महत्त्वाचं काम त्यांच्यावर टाकत नाही.

अण्णा_मुलुंड | सोमवार, संध्याकाळी ६:३०

वाचून करमणूक झाली. आमच्या चाळीत जिन्यात एक दिवा होता, त्याचं बटण पहिल्या मजल्यावर. संध्याकाळी जो आधी येईल तो लावायचा, सकाळी दूध घ्यायला जाणारा बंद करायचा. चाळीस वर्षं चाललं. माणसाने उठावं आणि बटण दाबावं, तेवढाच व्यायाम.

चाकोरीबाहेर | सोमवार, संध्याकाळी ७:१५

अण्णाकाका, राग नाही, पण "उठावं" हाच शब्द माझ्याकडे नाही. मी अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे, उजव्या हाताची बोटं पूर्ण वळत नाहीत. बोर्ड साडेचार फुटांवर, पंख्याचा रेग्युलेटर त्याच्याही वर.

माझ्या घरात वेगळी ॲप हा पर्यायच नव्हता. बारीक चिन्ह शोधा, ते उघडायची वाट बघा, "नवीन ऑफर" पुसा, मग पंखा. एका पंख्यासाठी सहा-सात वेळा स्पर्श. आता सगळं एका जागी आहे. बोलून चालतं आणि मांडीवरच्या टॅबवर मोठ्या चौकोनांनीही चालतं. दोन्ही ठेवायचं कारण असं, की सर्दी झाली की तो स्पीकर माझं ऐकत नाही. शिवाय वस्तूंची नावं ठेवताना मार खाल्लाय. "माजघर" आणि "मागचं दार" यांत त्याचा गोंधळ होतो. आता माजघराचं नाव "लंडन" आहे. आजीला ते फार आवडतं. "लंडनचा पंखा बंद कर रे" असं मला ओरडून सांगते.

तूपसाखरताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर : माझी बहीण. तिला मी बसवून शिकवलंय, आणि डबा गेला तर काय करायचं ते कागदावर लिहून मीटरच्या पेटीत आतून चिकटवलंय.

अण्णा_मुलुंड | सोमवार, रात्री ८:०५

बाळ, माझं चुकलं. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो, पण राहू दे.

बोलघेवडा | मंगळवार, सकाळी ९:३०

सगळ्या कंपन्यांच्या वस्तूंना एकच भाषा देणारं ते मॅटर नावाचं मानक आलंय ना आता? मग ही भानगड संपली असं ऐकलं होतं.

ओसरी | मंगळवार, सकाळी १०:१५

अजून संपलेली नाही, पण वळणावर आली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गुगल आणि झिगबी अलायन्स एकत्र आले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती निघाली. तिचे दोन गुण मला आवडतात. वस्तू घरातल्या घरात बोलते, आणि एकच वस्तू एकाच वेळी दोन-तीन प्लॅटफॉर्मना जोडता येते. आई गुगलवरून, मुलगा ॲपलवरून, डबा स्वतःहून, कुणाची कुणाला अडचण नाही.

खोच अशी, की ही भाषा ठरलेल्या कामांपुरतीच आहे. दिवा, प्लग, कुलूप हे आधी आलं. एसी, फ्रीज, झाडू मारणारा रोबो २०२३ मध्ये आवृत्ती १.२ ला आले. कॅमेरे २०२५ च्या शेवटी. आणि मानकात आलं म्हणजे दुकानात आलं असं नाही, दुकानात आलं तरी तुमचा प्लॅटफॉर्म ते समजून घेईलच असंही नाही. कंपनीने आपल्या वस्तूत भरलेल्या खास करामती बहुतेक तिच्याच ॲपमध्ये राहतात. पर्वतीपायथा यांचे जुने बल्ब तर यात येणारच नाहीत. नवीन काही घ्याल तेव्हा खोक्यावर मॅटरचं चिन्ह बघा, एवढंच.

राइनकाठची | मंगळवार, दुपारी ४:५०

मी ड्युसेलडॉर्फला, आईबाबा नाशिकला. माझ्यासाठी एका ठिकाणी आणणं भागच होतं, कारण मला इथून बघायचं असतं. त्यात आलेल्या दोन अडचणी लिहिते, कुणाला उपयोग होईल.

पहिली तांत्रिक. घरचा डबा बाहेरून उघडायचा तर राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर ते चालतच नाही, कारण घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच मिळत नाही, अनेक घरं एकाच पत्त्यामागे बसवलेली असतात. दोन रात्री मी हे न कळता घालवल्या. शेवटी बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं टेलस्केल हे सॉफ्टवेअर टाकलं आणि दहा मिनिटांत झालं. होम असिस्टंटची वर्गणीची सेवाही आहे, तिचे पैसे त्याच प्रकल्पाला जातात. आणि एक बारीकशी गोष्ट : राउटर बदलला तर नव्या राउटरला जुनंच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे सगळ्या वस्तू आपोआप परत येतात. केबलवाल्याने परस्पर नवीन नाव ठेवलं आणि मला बाबांना फोनवरून चौदा वस्तू परत जोडायला लावाव्या लागल्या. बाबांनी नंतर दोन दिवस फोन घेतला नाही.

दुसरी अडचण बाबांची. हॉलमध्ये कॅमेरा लावला होता. तिसऱ्या दिवशी इथून बघते तर काळोख. बाबांनी त्यावर टोपी घातली होती. "आम्ही तुझे आईबाप, तुझे कैदी नाही." बरोबरच होतं. कॅमेरा काढला, ओट्यापाशी हालचाल टिपणारा साधा सेन्सर लावला. सकाळी साडेआठपर्यंत स्वयंपाकघरात कुणी फिरकलं नाही तर मला निरोप येतो. उन्हाळ्यात तेव्हा इथे पहाटेचे पाच वाजलेले असतात. एकदाच आला. थरथरत फोन केला, उचलेनात, शेजारच्या काकूंना उठवलं. दोघं पहाटे पाचच्या बसने त्र्यंबकेश्वरला गेले होते, मला न सांगता.

सात ॲपमध्ये हे जमलं नसतं. सेन्सर एका कंपनीचा, निरोप दुसरीकडून. त्यांना एकमेकांशी बोलायला मधे कुणीतरी लागतंच.

फेजटेस्टर | मंगळवार, रात्री ९:२०

टोपीवाले बाबा आवडले.

एक विचारायचं राहिलं. पंखे बीएलडीसी म्हणालात. त्यांच्यामागं जुना रेग्युलेटर अजून आहे का? असेल तर काढून थेट बटण ठेवा. त्या पंख्यात स्वतःचं सर्किट असतं, रेग्युलेटरमधनं गेलं की ते गुरगुरतं आणि एक दिवस बसतं.

पर्वतीपायथा | बुधवार, सकाळी ८:१०

दादा, एकामागे आहे आणि तोच गुरगुरतो! मी कंपनीत तक्रार नोंदवणार होतो.

पर्वतीपायथा | पुढच्या महिन्यातला शनिवार, दुपारी ३:३०

मंडळी, धागा वर काढतोय. काय केलं ते सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण इतक्या लोकांनी वेळ दिला म्हणून लिहितो.

पट्टी त्याच रात्री काढली. आईच्या खोलीतले आणि हॉलमधले रंगीत बल्ब भाच्याला दिले, साधे एलईडी लावले आणि बटणांमागे झिगबीची चार मॉड्यूल बसवली. बोर्ड सनमायकाचेच निघाले, आत जागाच जागा. आमच्या वायरमनने आधी नाक मुरडलं. फेजटेस्टरदादांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा म्हणाला, "हे लिहिणारा माणूस कामाचा आहे."

मोटर आता कॉन्टॅक्टरवर, दोन्ही टाक्यांत फ्लोट, पॅनेल स्वतःचं स्वतः चालतं. वायफाय स्विच उघडून बघितला. एका कॉन्टॅक्टवर काळा डाग होता. ॲप शेवटपर्यंत "ऑल गुड" म्हणत होतं.

डबा घेतला नाही. ऑफिसमधून भंगारात निघालेला छोटा पीसी मागून आणला, आत एसएसडी, बाहेर हातभर केबलवर झिगबीचा डोंगल. राउटर आणि तो, दोघं इन्व्हर्टरवर. त्यावर होम असिस्टंट. मला वाटलं होतं प्रोग्रॅमिंग लागेल. लागलं नाही, पण संयम लागतो आणि इंग्रजी वाचावं लागतं. दोन शनिवार माझेही गेले. एकूण खर्च साडेअकरा हजार, वायरमनच्या मजुरीसकट.

ओसरी, तुम्हाला आवडणार नाही, पण सगळं आत आणलं नाही. एसी, पंखे, गिझर आणि कॅमेरा आपापल्या ॲपमध्येच आहेत. एसी आणि दिव्याने एकमेकांशी काय बोलायचंय? आमच्या घरात तरी काहीच नाही. आत आहेत ते दिवे, टाकी भरल्याचा निरोप आणि आईच्या उशाशी ठेवलेलं चार बटणांचं झिगबीचं ठोकळं. तिची खोली, बाथरूमपर्यंतचा बोळ, बाथरूम. चौथं बटण दाबलं की माझा फोन वाजतो.

तूपसाखर | शनिवार, दुपारी ३:५५

तो पीसी बंद पडला तर?

पर्वतीपायथा | शनिवार, दुपारी ४:१२

वाटच बघत होतो. मागच्या रविवारी आईला न सांगता त्याचा प्लग काढून ठेवला. दिवसभर कुणाला कळलं नाही, सगळे भिंतीवरची बटणं दाबत होते. रात्री अकराला आईने उशाचं बटण दाबलं, काही झालं नाही. मग ती उठली आणि भिंतीवरचं दाबलं. सकाळी मला म्हणाली, "तुझं ते बिघडलंय." शांतपणे. मीटरच्या पेटीत कागदही लावलाय, मराठीत, मोठ्या अक्षरात. बायकोने त्याप्रमाणे एकदा सगळं बंद-चालू करून बघितलं आणि चौथ्या ओळीत चूक काढली.

ओसरी | शनिवार, दुपारी ४:३०

तूपसाखरताईंची परीक्षा पास झालात, आता मी काय बोलणार. कॅमेरा तेवढा आत आणा हो कधीतरी. दारावर कोण आलं ते पर्वतीवरून परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन का यावं?

पर्वतीपायथा | शनिवार, दुपारी ४:३६

बायको परवानगी देईल तेव्हा. सध्या माझे शनिवार जप्त आहेत.

फेजटेस्टर | शनिवार, संध्याकाळी ७:००

उशाच्या बटणाचा सेल कुठला आहे? आमच्याकडच्या एका आजीबाईंना पाहिजे.

पर्वतीपायथा | शनिवार, संध्याकाळी ७:१८

सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो तो चपटा. चारी बटणं सारखीच दिसतात, त्यामुळे आईने चौथ्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. त्यांनाही तेच सांगा.

चहाटळ | शनिवार, संध्याकाळी ७:२५

मूळ प्रश्न राहिला. आता ॲप किती?

पर्वतीपायथा | शनिवार, संध्याकाळी ७:४०

माझ्या फोनवर पाच. आईच्या फोनवरची तिनेच सगळी काढून टाकली. काल कॅमेऱ्याचं तेवढं परत मागून घेतलं, दूधवाला नक्की किती वाजता येतो ते तिला बघायचंय.